नागूचा भारा

“मागं सरा! तुमी त्याच्या जागेवर उभे हात!”

विशाखाच्या तोंडून हे निघून गेलं, तेव्हा समोर कोण आहे हेही तिनं धड पाहिलं नव्हतं. दिवेलागणीची वेळ. चौक गावच्या हमरस्त्यामागची गवताची वखार, पत्र्याच्या छपराला भिडलेल्या गंजी, आणि मधोमध दोराला लोंबणारा एक भारा. त्या भाऱ्याला खेटून कोणी परका तरुण येऊन उभा राहिलेला. तो टुणकन दोन पावलं मागे आला आणि हातातली लाकडी पेटी स्वतःच्याच गुडघ्यावर आपटून घेतली.

“कोणाच्या जागेवर?” गुडघा चोळत त्यानं विचारलं.

विशाखानं जीभ चावली. काय सांगणार? वखारीत ती होती, तो होता, आणि पोत्यावर येऊन बसलेली तिची आई भीमाबाई होती. चौथं कोणी नव्हतं.

“गप,” भीमाबाई हळूच म्हणाली. “वेळ झाली.”

भारा ताणकाट्याला टांगलेला होता. घड्याळासारखी गोल तबकडी, तिच्यावर एक सुई. सुई अठ्ठावीस किलोवर स्थिर. बाहेर एक ट्रक घाटाकडे गुरगुरत गेला. मग सगळं एकदम गप्प झालं... आणि वरच्या अंधारातून आवाज आला — टक्. भारा जरासा हेलावला आणि सुई सरळ शून्यावर गेली. अठ्ठावीस किलो गवत डोळ्यांपुढे टांगलेलं, आणि वजन — नाहीच! पापणी लवते न लवते तोच सुई उसळून चाळिशीपार गेली, थरथरली, आणि पुन्हा अठ्ठावीसवर येऊन मुकाट उभी राहिली.

भीमाबाईनं डोळ्यांना पदर लावला, उठली आणि चुलीकडे गेली.

“मधी शून्य झालं होतं...” तो तरुण पुटपुटला.

दोन वर्षांत कितीतरी हमाल, ड्रायव्हर इथं उभे राहून गेले होते. एकालाही ते दिसलं नव्हतं. सगळे भाऱ्याकडे बघतात, सुईकडे कोण बघतो?

“तुमाला दिसलं?”

“मला तेच बघायचा पगार मिळतो,” तो म्हणाला, आणि तसल्या वेळीसुद्धा हसला. त्याचे दात जरा पुढे होते, पण हसू छान होतं. हे तिनं तेव्हाच पाहिलं की मागाहून आठवून ठरवलं, ते तिचं तिलाच ठाऊक.

तो श्रीपत. कडावचा, वजनमापे खात्यातला मदतनीस. दुकानादुकानांतले, वखारींतले काटे वर्षातून एकदा तपासायचे आणि बरोबर असतील तर शिक्का मारायचा, हे त्या खात्याचं काम. साहेब रजेवर होते, म्हणून हाच पेटी घेऊन गावोगाव हिंडत होता. तेवढ्यात विशाखाचे वडील, वखारीचे मुकादम बुधाजी, कानाला ट्रान्झिस्टर लावून आत आले. जय भीम झालं, चहा झाला. आपल्या देशाचा पहिलाच माणूस आदल्या संध्याकाळी अंतराळात गेला होता आणि बुधाजीला त्यापुढे काही सुचत नव्हतं.

“श्रीपत?” कप उचलताना विशाखा म्हणाली. “हे तर म्हाताऱ्याचं नाव.”

“आजाचं हाय. अजून पूर्ण अंगाला बसलं नाय,” तो म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. “पण मुकादमबाई, ते शून्य कुठनं येतं ते शोधायला लागंल. त्याबिगर शिक्का नाय मारता येत.”

“नका शोधू.”

“मग नापास लिहायचं. काटा उचलून कचेरीत न्यायचा.”

विशाखानं भारा दोन्ही हातांनी धरून ठेवला. तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. त्यानं छपराखाली भाऱ्याचा दोर गुंडाळलेल्या रहाटाकडे एकदा वर पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि ओठांवर आलेलं काहीतरी गिळलं.

“आज पाच किलोचं वजन आणायला इसरलो,” तो म्हणाला. “उद्या येतो.”

पेटीत पाच किलोचं वजन होतं. विशाखानं ते चांगलं पाहिलं होतं.

आता ही ‘त्याची जागा’ कोणाची, तेही सांगून टाकलं पाहिजे. नागू, विशाखाचा थोरला भाऊ. वखारीत वजन करायचं काम त्याचं आणि खोड्या काढायचंही. विशाखा सुई वाचायला उभी राहिली की हा पलीकडून गुपचूप भाऱ्याखाली खांदा घालायचा. सुई शून्यावर! “बघ गं, गवत उडालं!” मग टाळूला जीभ लावून टक् करायचा आणि खांदा काढून घ्यायचा. सुई उसळी मारायची आणि विशाखा त्याच्या पाठीत धपाटा घालायची.

दोन वर्षांमागे, दिवाळीच्या सुमाराला, इर्शाळच्या डोंगराच्या उतरणीवरून दोघं गवत कापून परतत होती. विशाखा दमली होती. “आण इकडं,” म्हणत त्यानं तिचाही भारा आपल्या भाऱ्यावर चढवून घेतला. पुढच्या वळणावर तो नव्हता.

तेव्हापासून विशाखानं कोणाला न सांगितलेली एक गोष्ट होती. डोळे मिटले की तिला नागू पडताना दिसायचा, आणि तिचा भारा त्याच्या डोक्यावर बसून त्याला दाबत दाबत खाली नेताना दिसायचा.

अडीच महिने ती बोलली नाही, धड जेवली नाही. मग एका संध्याकाळी त्याच काट्याची सुई शून्यावर गेली. टक्. “आये, नागू आला!” ती किंचाळली होती. त्या दिवसापासून शेवटचा भारा वजन झाल्यावरही टांगलेलाच राहू लागला. बुधाजीनं छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. घरात देव्हारा नाही, अंगारा नाही, भुताचं नाव काढायची सोय नाही. त्यामुळे कोणी काही म्हणायचं नाही. भारा टांगलेला असायचा, खाली ओंडक्यावर एक कप चहा ठेवलेला असायचा, आणि नेमक्या त्याच वेळी बुधाजीला रस्त्यापलीकडे काम निघायचं.

आणि आता हा पेटीवाला आला होता. शिक्का मारला काय, नापास केलं काय, आईचा नागू जाणार होता. आईचा म्हणायचं... विशाखाचा स्वतःचाही.

दुसऱ्या दिवशी तो आला, दोरानं मोजमापं घेतली आणि संध्याकाळच्या एसटीनं कर्जतला गेला. दिवा घेऊन विशाखा ओंडक्यापाशी गेली आणि कपाकडे वाकली. कप रिकामा! दोन वर्षं सकाळी थंडगार, मुंग्या लागलेला सापडायचा तो कप तळापर्यंत रिकामा, आणि अजून कोमट. वर भारा हळूहळू स्वतःभोवती फिरत होता. वारा तर मुळीच नव्हता. ती दिव्यासकट पळत सुटली.

“काल चहा झकास होता,” तिसऱ्या दिवशी आल्या आल्या श्रीपत म्हणाला. “माझ्यासाठी झाकून ठेवला होता ना?”

विशाखा त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं. रडूही येत होतं, पण हसू आधी फुटलं. कितीतरी दिवसांनी तोंडावर पदर दाबून ती गदगदा हसली.

“काय झालं?”

“तो चहा... तुमचा नव्हता.”

आणि मग तिनं त्याला नागूची गोष्ट सांगितली. सगळी. फक्त भाऱ्याची तेवढी गाळली. ऐकून तो हसला नाही. उठून तो पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि ज्या ओंडक्यावर चहा ठेवत, तो त्यानं आपल्या हातानं पुसून काढला.

“आता रोज दोन कप ठेव,” तो म्हणाला. “त्याच्या वाट्याचा पुन्यांदा नाय पिणार.”

‘अहो-जाहो’चं ‘ठेव’ कधी झालं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

त्यानंतर त्याची कारणं सुरू झाली. चौथ्या दिवशी फॉर्म चुकीचा निघाला. पाचव्या दिवशी खात्याची शाई वाळली. खात्यात एवढी टंचाई असेल असं वाटत नाही, पण माणसाच्या मनात आलं की सगळी शाई वाळते. विशाखाही काही कमी नव्हती. तो यायच्या वेळेला तिच्या केसांतल्या गवताच्या काड्या आपोआप नाहीशा होऊ लागल्या. मात्र दिवेलागण झाली की दोघंही गप्प होत. टक्... शून्य... उसळी. श्रीपत सुईकडे न बघता विशाखाकडे बघायचा, आणि विशाखाला ते सुईकडे बघतानाही कळायचं.

सहाव्या दिवशी बुधाजी ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन अंगणात बसले होते.

“तिथं म्हणं पेन सोडलं तरी हवेतच राहतं,” ते म्हणाले. “लांब गेला ना! धरणीचा हात पोचत नाय.”

“लांब कुठं काका?” श्रीपत म्हणाला. “चौकातनं कोल्हापूर जेवढं, तेवढाच वर हाय. धरणी तिथंबी ओढतेच. इथं दहा किलोला जेवढी ओढ, तिथं नऊ किलोएवढी.”

“मग वजन का नाय?” विशाखानं विचारलं.

श्रीपतनं एक खडा उचलला. “समज, तू इर्शाळच्या माथ्यावरनं खडा आडवा फेकलास. खाली पडंल. जोरात फेकलास तर पनवेलला पडंल. आणखी जोरात, तर पार समुद्रात. आता इतक्या जोरात फेकलास की तो पडत जाईल, पन धरणी गोल हाय ना... तीबी त्याच्याखालनं तेवढीच वाकत जाईल. मग?”

“मग तो पडतच राहील.”

“तेच. तो माणूस, त्याचं यान, त्याचं पेन, समदं एकाच चालीनं पडतंय. कोणी कोणाच्या पुढं नाय, मागं नाय. मग कोण कोणावर भार टाकणार?”

“म्हंजी तो माणूस... आत्ता, या घडीला... पडतोय?”

“गेला तेव्हापासनं सारखा पडतोय.”

समोर इर्शाळचा सुळका काळा होत चालला होता. विशाखा उठून आत गेली. त्या संध्याकाळी टक् झालं, तेव्हा पहिल्यांदाच तिला त्या काट्याची भीती वाटली. भाऱ्याखालच्या काळोखात कोणी उभं नाही, कोणीतरी पडतं आहे असं तिला वाटलं. रोज, त्याच वेळेला, पुन्हा पुन्हा.

सातव्या दिवशी ती वखारीत आलीच नाही.

आठव्या दिवशी श्रीपत दुपारीच आला. ट्रान्झिस्टर सांगत होता की तो माणूस आज परत उतरणार. विशाखा गंजीच्या सावलीत एकटीच बसली होती. डोळे सुजलेले होते.

“एक विचारू?” ती म्हणाली. “पडताना माणसाच्या डोक्यावर भार असला... मोठा... दुपटीचा... तर तो त्याला दाबत नेतो?”

तिनं गाळलेली गोष्ट श्रीपतला त्या क्षणी कळली असावी, कारण त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. पेटीतून छोटा ताणकाटा काढला, त्याला पाच किलोचं वजन अडकवलं आणि तो गंजीवर चढला.

“खाली गवत हाय, काय तुटत नाय. तू नुसती सुई बघ. किती?”

“पाच.”

त्यानं हात सोडला. काटा आणि वजन एकत्र खाली आले. तिच्या डोळ्यांसमोरून जाताना सुई शून्यावर होती. मग धप्पकन गवतात.

“पुन्यांदा,” ती म्हणाली.

पुन्हा शून्य. तिसऱ्या वेळी ती स्वतः गंजीवर चढली. आपल्याच हातानं काटा सोडला आणि वरून वाकून सुईकडे पाहत राहिली. पाच किलो लोखंड त्याच काट्याला लटकलेलं, आणि पडेपर्यंत त्या काट्याला त्याचा पत्ताच नव्हता.

“म्हंजी त्याच्या डोक्यावर...”

“काय नव्हतं, विशाखा. भारा त्याच्यासंगं पडत होता, त्याच्यावर नाय. गवत तर वाऱ्यानं उलट मागंच राहिलं असंल. पाय सुटला तिथनं खालपर्यंत त्याच्या डोक्यावर तुझा भार नव्हता.”

“पन पाय सुटला तो भारानंच ना?”

खोटं बोलणं सोपं होतं. श्रीपतनं मान हलवली. “ते मला सांगता येत नाय. ते कुठला काटा दाखवत नाय.”

त्या उत्तरानंच बहुधा तिचा त्याच्यावर पुरता विश्वास बसला. गवतात तोंड खुपसून ती रडली, दोन वर्षांचं रडली. तो शेजारी बसून राहिला. हात धरावा की नाही या विचारात त्याचा हात मध्येच गवतावर पडून होता. शेवटी तिनंच तो धरला.

मग ती एकदम उठून बसली. डोळे पुसत वर रहाटाकडे बघू लागली.

“आपला काटाबी मग...”

“रहाटाच्या दात्यांना अडवणारी लाकडी खिटी झिजलीय,” तो हळू आवाजात म्हणाला. “दिवसभर पत्रा तापतो, लाकूड सुकतं, आन दिवेलागणीला एक दात सुटतो. टक्. काटा आन भारा वीतभर खाली पडतात. तेवढ्यापुरतं शून्य. मग दोर ताणतो, हिसका बसतो.”

“कधी कळलं तुमाला?”

“पयल्याच दिवशी.”

“मग आठ दिस काय करत होतात?”

श्रीपतचे कान लाल झाले. “दोन दिस... तुला सांगायचा धीर होत नव्हता म्हून.”

“आन बाकीचे सहा?”

“बाकीचे सहा दिस... सांगून टाकलं तर यायला कारण उरणार नाय म्हून.” त्यानं खिशातून लोखंडाची खिटी काढली. “गॅरेजवाल्याकडनं घडवून घेतलीय. चार दिस खिशात घेऊन हिंडतोय. तू म्हणशील तर लावतो.”

खिटी त्याच्या अंगाच्या उबेनं गरम झाली होती. विशाखानं ती बराच वेळ मुठीत धरली. आईचं काय होईल? पण आपण खाली पडणाऱ्या काट्याला भाऊ म्हणत आलो, आणि भाऊ कधीच मोकळा झाला होता.

“लावा,” ती म्हणाली.

दिवेलागण झाली. भारा टांगला. भीमाबाई येऊन पोत्यावर बसली. श्रीपत लांब कोपऱ्यात उभा राहिला, विशाखा सुईपाशी. सुई अठ्ठावीसवर. ट्रक आला, गेला. टक् झालं नाही. आणखी थोडा वेळ गेला. दोन वर्षं जो आवाज ऐकून पाठीवर काटा यायचा, तो न येणं त्याहूनही भयाण होतं. विशाखाच्यानं राहवेना.

“आये...” ती म्हणाली. “आये, नागू...”

“खिटी बसवली का?” भीमाबाई म्हणाली. “बरं झालं.”

विशाखानं सुईवरची नजर काढली. “तुला ठाव होतं?”

“वीस वरसं या रहाटाला मी तेल घालते. दात सुटल्याला मला कळंना व्हय?” भीमाबाईनं तिला जवळ ओढलं. “तू बोलत नव्हतीस, बाय. अडीच म्हयने. मग ‘नागू आला’ म्हणालीस आन त्या रात्री भाकर मागून घेतलीस. म्हून मी खिटी बदलू दिली नाय. चहाबी तुझ्याचसाठी ठेवत होते.”

“आन मी तुझ्यासाठी...” विशाखानं तिच्या खांद्यात तोंड खुपसलं. दोघी एकमेकींसाठी भूत सांभाळत बसल्या होत्या.

“आन तू रं,” भीमाबाई कोपऱ्याकडे वळली. “एक खिटी बसवायला आठ दिस? तो तिकडं अख्ख्या पृथ्वीला फेऱ्या मारून उतरला म्हणं, सुखरूप! तुझं काय चाललंय? मी काय आंधळी हाय? जा, तिथं उभा रा.”

“कुठं मावशी?”

“त्याच्या जागेवर. रिकामी बघवत नाय मला.”

श्रीपत बिचकत भाऱ्यापलीकडे जाऊन उभा राहिला. विशाखानं या वेळी त्याला मागं सरायला सांगितलं नाही. ती सुईकडे बघत होती. सुई हलली. अठ्ठावीस... वीस... दहा... हळूहळू सुई शून्यावर आली. आणि तिथंच राहिली. भाऱ्याखाली दोन पाय दिसत होते, कडावच्या धुळीनं भरलेल्या चपला घातलेले.

“किती येळ धराल?” तिनं हळूच विचारलं.

“तू सांगशील तवर...” भाऱ्यामागून गवतात गुदमरलेला आवाज आला. “पन लवकर सांग. शिंक येतेय.”

भीमाबाई हसत हसत चुलीकडे गेली. त्या संध्याकाळी बुधाजी रस्त्यापलीकडे गेले नव्हते. बाहेर ओट्यावर बसले होते. ट्रान्झिस्टर बंद करून त्यांनी नेहमीसारखी हाक दिली, “विशाखे, किती भरला गं?”

विशाखानं पुन्हा एकदा सुई नीट वाचली.

“काहीच नाय, बाबा,” ती म्हणाली. “काहीच भार नाय.”